किताबाची कुस्ती कोण मारणार? अंदाज बांधायची रीत

२३ डिसेंबर २०१८ ला जालन्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली, तेव्हा गादीवर उभा असलेला अभिजीत कटके हा मागच्या वर्षीचा विजेता होता. २०१७ ला भूगावात त्यानं किरण भगतला १०-७ असं हरवून गदा खांद्यावर घेतली होती. समोर होता बाला रफिक शेख. स्पर्धेत तो बुलढाण्याकडून उतरला होता, पण मूळचा आपल्या करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. गादी गटातून कटके आला होता आणि माती गटातून बाला. गादीवरच्या लढतीत गादीचा मल्ल, तोही गतविजेता, म्हणून बहुतेकांनी हिशेब आधीच मिटवला होता. निकाल लागला ११-३. बालानं कुस्ती एकतर्फी मारली आणि केमपासून करमाळ्यापर्यंत फटाके वाजले.

त्या दिवसापासून आपल्या भागात प्रत्येक किताबाच्या कुस्तीआधी चर्चा दुप्पट रंगते. केम स्टेशनवर गाडीची वाट बघताना, कुंकवाच्या कारखान्यात दुपारच्या सुट्टीत, हॉटेलात चहा घेताना एकच प्रश्न असतो, कोण मारणार? त्यावर उत्तरं फार लवकर येतात. ‘अमक्याच्या अंगात हत्तीचं बळ आहे’, ‘तमक्याचा वस्ताद मोठा आहे’, ‘यंदा आपलाच’. अशा बोलण्याला अंदाज म्हणत नाहीत. अंदाज बांधायला रीत आहे, ती शिकता येते आणि तिच्यामुळे कुस्ती बघण्याचा आनंद कितीतरी वाढतो. माझं सांगणं थोडक्यात असं की अंदाज पैलवानाचा बांधू नका, जोडीचा बांधा. एकच पैलवान एका जोडीत वाघ असतो आणि दुसऱ्या जोडीत अडकतो. आणि अंदाज बांधलाच तर तो आकड्यात सांगा.

सगळ्यात जास्त फसवणारा हिशेब साखळीचा आहे. याने त्याला मारलं, त्याने तिसऱ्याला मारलं, म्हणजे हा तिसऱ्यालाही मारणार. २०२३ या एका वर्षानं हा हिशेब असा मोडला की तो उदाहरण म्हणून पाठ करून ठेवावा. जानेवारीत पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीत माती गटात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख समोरासमोर आले. दोघंही सोलापूर जिल्ह्याचे, महेंद्र मंगळवेढ्याकडचा आणि सिकंदर मोहोळचा. महेंद्रला बाहेरच्या टांगेचे ४ गुण दिले गेले, त्यावरून मोठा वाद झाला, पण निकाल महेंद्रच्या बाजूनं गेला. १४ जानेवारीला अंतिम लढतीत शिवराज राक्षेनं त्याच महेंद्रला एका मिनिटाच्या आत चितपट केलं. आता साखळी लावा. महेंद्र सिकंदरपेक्षा वरचढ, राक्षे महेंद्रपेक्षा फारच वरचढ, म्हणजे राक्षे आणि सिकंदर भिडले तर सिकंदरचं काही खरं नाही. नोव्हेंबरमध्ये हवेली तालुक्यातल्या फुलगावात झालेल्या महाराष्ट्र केसरीत ते दोघं अंतिम फेरीत खरोखर भिडले. सिकंदरनं झोळी डाव टाकला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत राक्षेची पाठ लागली. लगेच राक्षे संपला असं म्हणणारेही निघाले. पण त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेनं भरवलेल्या महाराष्ट्र केसरीत त्यानं हर्षवर्धन सदगीरला हरवून पुन्हा गदा घेतली.

यातून घ्यायचं ते एवढंच की आधीच्या निकालाला किंमत द्या, पण तो निकाल कसा लागला ते बघून द्या. चितपट अर्ध्या मिनिटात झाली असेल तर त्यातून एक डाव अचूक बसला एवढं कळतं. दमसास, बचाव, शेवटच्या मिनिटातली जिद्द यांबद्दल काहीच कळत नाही, कारण तिथवर कुस्ती गेलेलीच नसते. उलट सहा मिनिटं चालून ४-३ नं सुटलेली लढत दोघांबद्दल पोतंभर माहिती देऊन जाते. जुन्या लढती मोबाईलवर बघताना मी नेहमी हरलेल्या लढती आधी बघायला सांगतो. जिंकलेल्या कुस्तीत पैलवानाचा आवडता डाव दिसतो. तो कुठं सापडतो, हे हरलेल्या कुस्तीतच दिसतं.

चर्चेतली जोड अजून लागलेली नसते, तेव्हा आणखी एक गोष्ट हमखास सुटते. ‘फायनलला हा त्याला मारणार’ या वाक्यात तीन वेगळे अंदाज दडलेले आहेत. पहिला, हा आपल्या गटातून वर येणार. दुसरा, तो त्याच्या गटातून येणार. तिसरा, मग हा त्याला मारणार. समजा माती गटातून पहिला येण्याची शक्यता तुम्ही शंभरात ६० धरली आणि गादी गटातून दुसरा येण्याची ५०. मग दोघांची गाठ पडण्याची शक्यता झाली शंभरात ३०. गाठ पडल्यावर पहिला जिंकेल याची शक्यता ५५ धरली, तर तुमचं ते छातीठोक वाक्य खरं होण्याची शक्यता शंभरात सोळा-सतराच उरते. म्हणून जोड ठरलेली नसताना अंदाज दोन भागांत सांगा. गाठ पडेल का, हा एक. पडली तर कोण, हा दुसरा. गटवारी आणि भाग्यपत्रिका जाहीर झाली की पहिल्या भागाचा आकडा लगेच बदलायचा. वाटेत कोण कोण आडवे येतात, त्यातला कुणी आपल्या पैलवानाला दमवून सोडणारा आहे का, हे त्या कागदावरच कळतं.

आता पृष्ठभागाकडे आणि नियमाकडे या. माती आणि गादी या दोन निराळ्या कुस्त्या आहेत असं धरूनच चाललं पाहिजे. मातीत पाय रुततो, हालचाल मंदावते, घामाच्या अंगावर माती टाकली की पकड घट्ट बसते. अंगानं भारी आणि पंजानं जबरी मल्लाला ती मानवते. गादीवर पाय चपळ लागतो. पट काढायला आत शिरणं, निसटणं, फिरणं सगळं वेगात होतं. शिवाय गादीचं रिंगण ठरलेलं असतं आणि त्याच्या बाहेर पाय गेला की समोरच्याला १ गुण मिळतो. भारी मल्ल डाव न टाकताही ढकलत नेऊन गुण घेऊ शकतो, हे मातीच्या प्रेक्षकाच्या लक्षात पटकन येत नाही.

गुणांचा हिशेब डोक्यात पक्का हवा. खाली घेतलं तर २ गुण. खालून सुटून वर आला तर १. पाठ गादीकडे वळवली तर २. उचलून थेट धोक्याच्या स्थितीत टाकलं तर ४ आणि मोठ्या झेपेच्या फेकीला ५. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. जो लढत नाही त्याला पंच ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत लागते, त्यात त्यानं गुण घेतला नाही तर समोरच्याला १ गुण जातो. गुण बरोबरीत सुटले तर आधी कुणाचा डाव जास्त किमतीचा ते बघतात, मग ताकिदी कुणाला कमी, आणि शेवटी, शेवटचा गुण कुणी घेतला. हे माहीत असलं की २-२ वर असताना कोण निवांत आहे आणि कुणाला घाई करावी लागणार, ते तुम्हाला शेजारच्याच्या आधी कळतं. २०२२ ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. एका गुणावर सुटणाऱ्या अशा कुस्तीत ‘बळ कुणात जास्त’ या प्रश्नानं काही कळत नाही. ढकलून घेतलेला एक गुण किंवा एक ताकीद तिथं गदा ठरवते.

यात्रेतल्या मैदानी कुस्तीचे नियम आणखी वेगळे. आपल्या उत्तरेश्वराच्या यात्रेत असो की शेजारच्या गावात, मोठ्या इनामाची कुस्ती निकाली लागते. वेळ जास्त असतो आणि तोवर पाठ लावल्याशिवाय निकाल नाही. वेळ संपली की पंच ती गुणांवर घेतात आणि मग पहिला गुण घेणारा जिंकतो. कधी बरोबरीतही सोडवतात. सहा मिनिटांच्या हिशेबानं मेहनत केलेला गादीचा पोरगा इथं पंधराव्या मिनिटाला कसा दिसेल, हा विचार केल्याशिवाय अंदाज बांधू नका. आणि कुस्ती किती मिनिटांची, निकाली की गुणांवर, हे कार्यकर्त्यांना आधी विचारून घ्या. अटी कळल्याशिवाय सांगितलेला अंदाज हवेतला असतो.

अटी ठरवताना अर्धी लढत कशी जिंकली जाते, याचं जगातलं गाजलेलं उदाहरण बॉक्सिंगचं आहे. ६ एप्रिल १९८७ ला लास वेगासमध्ये मार्विन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांची मिडलवेट किताबाची लढत झाली. मिडलवेट म्हणजे १६० पौंड, साधारण साडेबहात्तर किलोपर्यंतचा गट. हॅगलर अकरा वर्षं हरलेला नव्हता आणि लेनर्ड जवळजवळ तीन वर्षांत एकदाही रिंगणात उतरलेला नव्हता. जाणकार हॅगलरच्या बाजूनं होते. पण लढत ठरवताना लेनर्डच्या बाजूनं १५ ऐवजी १२ फेऱ्या आणि मोठं रिंगण मागून घेतलं होतं. कमी फेऱ्या म्हणजे दमसासाची परीक्षा कमी. मोठं रिंगण म्हणजे पळायला जागा. शिवाय लेनर्ड प्रत्येक फेरीच्या शेवटच्या काही सेकंदांत ठोशांचा भडिमार करायचा आणि परीक्षकांच्या डोळ्यांत तेवढंच राहायचं. तीन परीक्षकांपैकी दोघांनी लेनर्डला कौल दिला, एकानं हॅगलरला. त्यातही एका परीक्षकानं लेनर्डला ११८-११० इतकं पुढं धरलं होतं, तर दुसऱ्यानं हॅगलरला ११५-११३. एकाच लढतीत तीन जाणकार माणसांना इतकं वेगळं दिसतं, तर आधी सांगितलेल्या अंदाजात शंभर टक्के खात्री कुठून येणार? हॅगलर त्यानंतर पुन्हा कधी लढला नाही.

आता जोडीचा मुख्य भाग, लढण्याची ढब. दोघांचे डाव कागदावर लिहून काढायला लागा, कारण डोक्यात ठेवलेलं मिसळतं. दोन पैलवान, चार प्रश्न. उभ्यानं पहिला हल्ला कोण करतो? कुठल्या बाजूनं करतो? खाली गेल्यावर काय करतो? आणि वर असताना पाठ लावायला त्याच्याकडे काय आहे? काही मल्ल एकेरी पटाचे असतात, समोरच्याच्या एका पायावर झेप घेणारे. काही ढाक, टांग, कलाजंगवाले, अंगाला अंग भिडल्याशिवाय त्यांचं काम सुरू होत नाही. काही वरून घिस्सा लावून कुस्ती संपवणारे. पटवाल्यासमोर बघायचं की समोरचा पट तोडतो कसा. अंगाचा भार खाली टाकून पाय मागे फेकणारा भारी मल्ल असेल, तर पटवाल्याचा सगळ्यात आवडता डावच त्याला खाली अडकवतो आणि मग मानेवर सव्वाशे किलो घेऊन त्याला दोन मिनिटं काढावी लागतात. उलट टांगवाल्यासमोर लांबून खेळणारा, हात धरू न देणारा मल्ल आला की टांग मारायला अंगच सापडत नाही. ‘कोण मोठा’ हे विचारण्याआधी ‘याचा डाव त्याच्यावर बसतो का’ हे विचारा.

हे शिकायचं असेल तर कुस्तीची पहिली दोन मिनिटं बघायला शिका. खडाखडी सुरू असते तेव्हा प्रेक्षक शिट्ट्या मारतात, ‘लढा, लढा’ म्हणतात, आणि नेमकं तेव्हाच सगळं दिसत असतं. पायांकडे बघा. कुणाचा उजवा पाय पुढं आहे, तो टाचेवर उभा आहे की चवड्यावर. चवड्यावर असेल तर तो आत यायच्या तयारीत आहे. टाच टेकली असेल तर तो बचावाला उभा आहे किंवा दमला आहे. हातांकडे बघा. मानेवर पडणारा हात नुसता ठेवलेला आहे की खाली ओढतोय. गर्दनखेच करणारा समोरच्याची मान वीस-पंचवीस वेळा खाली खेचतो आणि सहाव्या मिनिटाला त्या मानेत ताकद उरत नाही. गुडघ्याला पट्टी असेल तर कुठल्या गुडघ्याला, आणि तो पाय पैलवान मागे ठेवतोय का. मध्यंतराच्या अर्ध्या मिनिटात कोण गुडघ्यांवर हात टेकून वाकतो आणि कोण उभा राहून वस्तादाचं ऐकतो. रिंगणाच्या कडेला सरकताना कोण वळतो आणि कोण सरळ मागे जातो. सरळ मागे जाणारा गुण देणार, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. एकदा आवाज बंद करून जुनी लढत अशी बघा. निवेदकाचा आवाज आणि हलगी आपल्याला पटकन एका बाजूला ओढतात.

पैलवानाच्या वयापेक्षा त्याचा मागचा महिना जास्त महत्त्वाचा असतो. यात्रांच्या हंगामात चांगला पैलवान आठवड्यात दोन-तीन मैदानं करतो, रात्रीचा प्रवास करतो, खुराकाची वेळ चुकते. किताबाच्या स्पर्धेआधी त्यानं मैदानं थांबवली होती का, की पंधरा दिवस आधीही इनामाच्या मागे फिरत होता, हे गावातल्या कुठल्याही जुन्या पैलवानाला विचारा, बरोबर कळेल. खांदा आणि गुडघा या दोन जागा दुखावलेल्या असतील, तर तो पैलवान नेहमीची बाजू टाळतो, त्याचे डाव निम्मे होतात. आणि वजन. महाराष्ट्र केसरीचा किताबी गट ८६ किलोच्या वरचा असतो, त्यात ९० किलोचा आणि १२० किलोचा मल्ल एकत्र येऊ शकतात. वीस-तीस किलोंचा फरक मातीत फार मोठा असतो. गादीवर तो थोडा कमी होतो, कारण हलका मल्ल वेगानं निसटू शकतो. पण खाली अडकला तर तिथंही तीच गत होते.

तालमीचाही विचार लागतो, आणि इथं अंदाज बांधणारे सगळ्यात जास्त घसरतात. एकाच तालमीतले दोघं भिडले की लोक म्हणतात, एकमेकांचे डाव माहीत, कुस्ती रटाळ होणार. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला वस्ताद काका पवारांचेच दोन पठ्ठे, हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, अंतिम फेरीत आले आणि सदगीर ३-२ नं जिंकला. म्हणणं खरं ठरलं. मग २०२३ च्या जानेवारीत राक्षे आणि महेंद्र, तेही दोघं काका पवारांचेच, आणि कुस्ती एका मिनिटात संपली! त्यामुळे माझा सल्ला असा की एकाच तालमीची जोड असेल तर तुमचा आकडा पन्नासच्या जवळ आणा. त्यांची खरी ताकद रोजच्या सरावात, चार भिंतींच्या आत ठरलेली असते आणि ती आपल्याला दिसलेली नसते. वेगवेगळ्या तालमींची जोड असेल, उदाहरणार्थ कोल्हापूरच्या गंगावेशीचा मल्ल आणि पुण्याच्या कात्रजचा, तर दोन्ही तालमींच्या शिकवणुकीचा फरक लढतीत दिसतो आणि तो तुम्हाला आधी अभ्यासता येतो. बाला रफिक कोल्हापुरात गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडला. आंदळकर १९६० चे हिंद केसरी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला गेलेले. त्यांच्या हाताखालचा मल्ल मातीतून आला म्हणून त्याला गादी झेपणार नाही, असं धरणं हीच २०१८ च्या अंदाजातली मोठी चूक होती.

पंचांचा भाग अंदाजात धरावाच लागतो. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. गादी गटाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळनं राक्षेला चितपट केल्याचा निर्णय झाला, त्यावरून वाद पेटला. मग किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनं निर्णयावर नाराज होऊन काही सेकंद बाकी असताना मैदान सोडलं आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि महेंद्र दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. कोण बरोबर होतं, हा वाद मी इथं उकरत नाही. अंदाज बांधणाऱ्यानं एवढं घ्यावं की जिथं दोघं तोलामोलाचे आहेत तिथं एका निर्णयानं कुस्ती फिरू शकते, आणि म्हणून अशा जोडीत सत्तरच्या वर आकडा जाऊच नये. पुढच्याच महिन्यात कर्जतला भरलेल्या दुसऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आपल्या जिल्ह्याच्या वेताळ शेळकेनं पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा सोलापुरात आणली, तेव्हाही मैदानात उतरण्याआधी पारडं कुठल्या बाजूला, यावर दोन तट होतेच.

आणि आपल्या जिव्हाळ्याचं काय? खडकीचा पोरगा लढत असेल तर करमाळ्याच्या माणसाला त्याचा पट जास्त खोल दिसतो आणि त्याचा दोष दिसत नाही. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, गावाचा पैलवान हा गावाचाच असतो. पण अंदाज लिहिताना एक युक्ती करा. दोघांची माहिती कागदावर नावाशिवाय लिहा: वय, वजन, शेवटच्या पाच लढती, आवडता डाव, कुठं सापडतो, किती दिवसांपूर्वी लढला. हा कागद कुस्ती समजणाऱ्या दुसऱ्या माणसाला द्या आणि त्याला आकडा विचारा. त्याच्या आणि तुमच्या आकड्यात जेवढा फरक पडेल, तेवढा तुमचा जिव्हाळा. तो वजा करा.

आता हे सगळं एका कल्पित जोडीवर लावून बघू. समजा यात्रेत इनामाची कुस्ती लागली आहे. एक बावीस वर्षांचा, ८८ किलोचा, गादीवर घडलेला, उजव्या बाजूनं एकेरी पट काढणारा. दुसरा एकतीस वर्षांचा, १०८ किलोचा, मातीतला, वरून भार टाकून घिस्सा लावणारा. वेळ वीस मिनिटं निकाली, मग गुणांवर. जुन्या पैलवानानं परवाच शेजारच्या गावात मैदान केलं आहे. लोक म्हणतील, तरुण पोरगा पळवून पळवून दमवेल. मी असा विचार करीन. मातीत वीस किलोंचा फरक, आणि पोराचा पट म्हणजे भार टाकणाऱ्याला हवीच असलेली संधी. म्हणजे वीस मिनिटांच्या आत निकाल लागला तर तो शंभरात ऐंशी वेळा जुन्याच्या बाजूनं. पण परवाचं मैदान त्याच्या अंगात आहे, आणि वीस मिनिटं निघून कुस्ती गुणांवर गेली तर चपळ पोरगा पहिला गुण घेईल. तिथं जुन्याला चाळीस, पोराला साठ. वीस मिनिटांत निकाल लागण्याची शक्यता अर्धी धरली, तर जुन्याचं पारडं येतं अर्ध्याच्या ऐंशी टक्के अधिक अर्ध्याच्या चाळीस टक्के, म्हणजे शंभरात ६०. बरोबरीत सोडवण्याची शक्यता असेल तर दोघांच्याही आकड्यातून थोडं थोडं काढून तिसरा रकाना करा. हा आकडा चुकेल किंवा बरोबर येईल. पण तो कुठून आला हे तुम्हाला सांगता येईल, आणि दहाव्या मिनिटाला पोरगा पट न काढता नुसता मान धरून फिरवतोय असं दिसलं, तर त्यातला कुठला भाग बदलायचा हेही कळेल.

आकडे वहीत लिहून ठेवा. तारीख, जोड, तुमचा आकडा, दोन ओळींचं कारण, आणि कुस्ती झाल्यावर निकाल. पंधरा-वीस लढतींनंतर मागे वळून बघा. ज्या जोडींना तुम्ही सत्तर म्हणाला होता, त्यांतल्या दहातल्या सात खऱ्या ठरल्या का? नऊ ठरल्या असतील तर तुम्ही उगाच भीत होता, पाचच ठरल्या असतील तर बोलणं मोठं होतं. आणखी नेमका हिशेब हवा असेल तर अमेरिकेतल्या हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली पावसाच्या अंदाजासाठी मांडलेली रीत वापरा, ती कुस्तीलाही चालते. सत्तर टक्के म्हणजे ०.७. जिंकला तर १, हरला तर ०. दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करा. खरं ठरलं तर ०.०९, खोटं ठरलं तर ०.४९. सगळ्या लढतींची सरासरी काढा. जो दर वेळी ‘सांगता येत नाही, पन्नास-पन्नास’ म्हणतो त्याची सरासरी ०.२५ येते. तुमची त्याच्या खाली असेल तर तुम्हाला खरोखर काही कळतंय. वर असेल तर कारणांच्या ओळी पुन्हा वाचा, एकच चूक वारंवार दिसेल. बहुतेकांची चूक शेवटची लढत डोक्यात ठेवून आधीच्या दहा विसरण्याची असते.

ही वही पैजेसाठी वापरू नका. कुस्तीवर पैसे लावणं हा महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसा लागला की पैलवानावर संशय येऊ लागतो, हरलेल्या पोरावर ‘विकला गेला’ असा शिक्का बसतो. महिनोन्‌महिने पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराला तो शिक्का नको. पैसे द्यायचे असतील तर मैदानात उठून बक्षीस जाहीर करा, हरलेल्यालाही द्या.

पुढची किताबाची स्पर्धा जवळ आली की गटवारी निघायच्या आधी एक दिवस काढा आणि चर्चेतल्या चार-पाच जोडींचे आकडे लिहून टाका. मग गटवारी आली की एकदा, आणि कुस्तीच्या सकाळी कुणी जखमी आहे का हे कळलं की आणखी एकदा बदला. तिन्ही आकडे तसेच ठेवा, खोडू नका. कुठल्या माहितीनं तुम्ही आकडा किती हलवला आणि ती माहिती खरंच तेवढ्या किमतीची होती का, हे निकालानंतर त्यांच्यावरूनच कळतं.